ट्रॉलीची पिन

पस्तीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी गुन्हे माझ्या हाताखालून गेले. त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक घटना मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. ती आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे ठाण्यातलं बाकडं येतं. मुंशीच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, टेबलासमोरचं, भिंतीला लावलेलं लाकडी बाकडं. त्यावर एक बाई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती आणि साडेतीन तास तिच्याकडे कुणीही पाहिलं नव्हतं. ते ठाणं माझं होतं.

नावं कुणाचीच देणार नाही. प्रकरण अजून न्यायालयात आहे, आणि नाव दिल्यानं आता कुणाचं भलं होणार नाही.

पांढुर्णा नवा जिल्हा झाला होता. मी सौंसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. मी मूळचा शेजारच्या बैतूल जिल्ह्यातला. घरी मराठी, कागदावर हिंदी, अशीच सगळी नोकरी गेली. त्या सकाळी सौंसरला मोठे पाहुणे यायचे होते. अकरा वाजता मंच, हार, भाषणं. रस्ता नऊ वाजता बंद करायचा हुकूम होता. पोलीस खात्यात राहिलेल्या माणसाला विचारा, असल्या दिवशी ठाण्यात चोर स्वतःहून चालत आला तरी त्याला उद्या ये म्हणतील.

सव्वासातला खबर आली की रामाकोन्याच्या वरच्या अंगाला, उतार संपतो तिथल्या पुलियाजवळ एक पिकअप नाल्यात उतरली आहे. मी एएसआयला पाठवलं. आठच्या सुमारास रस्त्याची पाहणी करत मीही तिथून गेलो, तेव्हा पाच मिनिटं थांबलो. डिसेंबरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. पिकअपचा मागचा भाग नाल्याकडे लटकलेला होता आणि तोंड रस्त्याकडे होतं. गाडी रिकामी होती. ड्रायव्हर पस्तीस-छत्तीसचा. त्याच्या कपाळाला खोक पडली होती आणि तो दगडावर बसून होता.

"रोही आडवी आली, साहेब," तो म्हणाला. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात. संत्र्याच्या बागांत त्यांचा भारी सुळसुळाट आहे, त्यामुळे अपघाताचं हे कारण रोजचंच.

"गाडीत दुसरं कोणी होतं?"

"नाही साहेब. एकटाच होतो. खाली गाडी."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बाजूला, बंपरच्या खाली, चेसीला वेल्डिंग केलेली एक जाड पट्टी अर्धी फाटून लोंबत होती. फाटलेल्या जागेचं लोखंड पांढरं चकचकीत होतं. जुनं तुटलेलं लोखंड गंजलेलं असतं, हे ताजं होतं. गटारात पाच-सहा संत्री चेचलेली पडली होती. हे सगळं मी पाहिलं. ते पुरेसं होतं, आणि विचार करायला कुणी लावलं असतं तर मी विचारही केला असता. पण वायरलेसवर सारखी विचारणा चालली होती की साहेब कुठे आहेत. मी एएसआयला म्हणालो, "पंचनामा करून घ्या, याला दवाखान्यात दाखवा, गाडी क्रेननं काढा." आणि निघून गेलो.

अकरा वाजता मी मंचाच्या उजव्या हाताला उभा होतो. हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींत त्या पिकअपचा मालकही होता. सौंसरात घर, रामाकोन्याकडे संत्र्याची मोठी बाग, चार माणसांत उठबस. पांढरा सदरा, नवं जाकीट. त्यानं मला नमस्कार केला, मीही केला. त्याची गाडी सकाळी नाल्यात गेली आहे हे मला माहीत होतं. माणूस धीराचा आहे, असं मनात आलं. याहून जास्त काही आलं नाही.

दीड वाजता ठाण्यात परत आलो. बूट काढायची फार घाई झाली होती. आत शिरताना बाकड्यावरची बाई उभी राहिली. साठीची असेल. स्वच्छ पांढरट लुगडं, हातात स्टीलचा डबा. मी मुंशीकडे पाहिलं.

"सर, गुमशुदगी लिखाने आई है," मुंशी म्हणाला. तो जबलपूरकडचा. "आदमी सुबह से नहीं आया. मैंने कहा, अम्मा, कल तक रास्ता देख लो."

"कितीला आल्या?"

"दस बजे, सर."

मी तिला माझ्या खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसायला ती तयार होईना, शेवटी काठावर टेकली.

"काय झालं, मावशी?"

"साहेब, आमचा बुढा पायटे ट्रॉली घेऊन गेला. अजून नाही आला."

"कुठली ट्रॉली?"

"मालकाची. संत्र्याची. आमचा बुढा भरते ना ट्रॉली. चाळीस वर्ष झाले भरून राहिला." तिनं मालकाचं नाव सांगितलं. मंचाजवळचाच तो. "नऊ वाजता मालकाचा माणूस घरी आला. म्हणे, बुढा मालासंगं मंडीत गेला, तिकून नागपूरले जाईन, दोन रोजानं येईन."

"मग गेला असेल, मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण बोलतो आहोत ते या माणसाला समजेल की नाही, याचा अंदाज घेत असावी.

"साहेब, पिन नाही आली."

"कसली पिन?"

"ट्रॉलीची. ट्रॉली जोडते ते लोखंडाची पिन. रोज संध्याकाळी बुढा ते काढून घरी आणते. बिनापिनीची ट्रॉली कोणी चोरून नेऊ शकत नाही ना. आमच्या कोनाड्यात राह्यते, बाबासाहेबाच्या फोटोच्या खाली. एक रात बाहेर नाही राहिली आजलोक. पायटे कोनाड्यातून घेऊन गेला. दोन रोज बाहेर रायाचं असतं, तं त्या माणसाच्याच हातानं पिन घरी पाठवली असती का नाही? ट्रॉली जाग्यावरून हालली, साहेब. मंग पिन कुठी हाये?"

माझ्या नोकरीत मी बरेच वकील ऐकले. इतका सरळ युक्तिवाद क्वचितच ऐकला.

"ट्रॉली ओढत कशानं होते? ट्रॅक्टरनं?"

"ट्रॅक्टर तं पंधरा रोजापासून दुकानात खोलून पडला हाये. कशानं ओढून राहिले, मले नाही मालूम."

मला मालूम होतं. चेसीला लोंबणारी ती पट्टी सकाळपासून माझ्या डोक्यात कुठेतरी होतीच. ट्रॅक्टर दुरुस्तीत, माल तोडलेला, मंडीत वेळेवर पोहोचायचं आणि नऊ वाजता रस्ता बंद. पिकअपच्या मागे हूक लावून ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली जोडली होती. आमच्या भागात हे प्रकार तेव्हा नुकते सुरू झाले होते. ट्रॅक्टरपेक्षा पिकअप पळते जोरात, एवढंच लोकांना दिसायचं. म्हणजे पुलियाजवळ नुसती पिकअप नाल्यात उतरलेली नव्हती. मागे ट्रॉली होती, ट्रॉलीवर माणूस होता, आणि आम्ही पोहोचायच्या आत कुणीतरी दोन्ही उचलून नेलं होतं.

पंचनाम्यात अपघाताची वेळ सकाळी साडेसहा होती. घड्याळात पावणेदोन झाले होते.

ड्रायव्हरला सरकारी दवाखान्यातून पट्टी बांधून ठाण्याच्या मागच्या खोलीत आणून बसवलं होतं. मालकाला फोन केला असता तर तो सावध झाला असता. बागा दोन-तीन ठिकाणी, त्यात झोपड्या, विहिरींवरच्या मोटारीच्या खोल्या, सालदारांची घरं. प्रत्येक ठिकाण धुंडाळायला माणसं नव्हती. अर्धी अजून बंदोबस्तावर होती. ठाव सांगू शकेल असा हाताशी एकच माणूस होता. त्याला बोलतं करायचं होतं आणि तेही लवकर.

दंड्यानं माणूस लवकर बोलतो असं बाहेरच्यांना वाटतं. दंड्यानं तो काहीही बोलतो. मग ते खरं की खोटं हे शोधण्यात दिवस जातो, आणि माझ्याकडे दिवस नव्हता. मी चहा मागवला आणि ट्रॉलीचं नावसुद्धा काढलं नाही.

"किती वर्षं गाडी चालवतोस?"

"बारा वर्षं झाले साहेब. एक खरोंच नाही लागली आजलोक."

"चांगला ड्रायव्हर आहेस म्हणतात."

"मालकाले इचारा."

"मग आज काय झालं? एवढी रुंद सडक. रोही दिसली तर ब्रेक मारायचा. झोपला होतास?"

हे त्याला लागलं. चांगल्या कारागिराला खोटारडा म्हटलं तर तो ऐकून घेईल, पण त्याच्या कामाला नाव ठेवलं की राहवत नाही. तो पुढे सरकून बसला.

"झोपीन कायले साहेब? ब्रेक पुरा दाबला होता म्या. उतार लागला तवापासूनच दाबून राहिलो होतो. पण समोरचे चाकं जमिनीले धरूनच नाही राहिले! स्टेरिंग फिरवून राहिलो, गाडी ऐकूनच नाही राहिली. मांगून असा धक्का—"

चहाचा कप त्यानं हळूच खाली ठेवला.

"रिकामी गाडी," मी म्हणालो. "मागे एक कॅरेटसुद्धा नाही. मग पुढची चाकं कुणी उचलली? मागून धक्का कुणी दिला? रोहीनं?"

तो पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"बाहेर बाकड्यावर तुमच्याकडे माल भरणाऱ्या काकांची घरवाली बसली आहे," मी म्हणालो. "सकाळी दहापासून. त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन."

त्यानं झटकन मान वर केली. "काकी इथं काहून आली? काकाले तं नागपूरले नेलं ना! मोठ्या दवाखान्यात. पायच मोडला होता, बाकी बोलून राहिले होते चांगले. मालकानं सोताच्या गाडीत नेतो म्हटलं. मले म्हणे, तू फक्त ट्रॉलीचं नाव नको घेऊ, लय मोठी केस होते, दोघंही अंदर जाऊ. काकाले मी पाहून घेतो. म्हणून तं म्या तोंड बंद ठेवलं साहेब. काकासाठी."

"मालक स्वतः नागपूरला गेला?"

"हो तं. सात वाजताच."

मी मोबाइल काढला. बंदोबस्ताचे फोटो वर पाठवायचे असतात, म्हणून शिपायानं भराभर काढून मला टाकले होते. एक शोधून त्याच्यापुढे धरला. मंच, त्यापुढे हारवाली रांग, रांगेत पांढरा सदरा आणि नवं जाकीट. एका कडेला मीही होतो, हात जोडलेले.

"हे अकरा वाजताचं आहे," मी म्हणालो.

त्यानं फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फोटो. त्याचा चेहरा कसा बदलला ते मला सांगता येत नाही, पण मला त्याची दया आली आणि माझी लाज वाटली, दोन्ही एकदम. इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर त्यानं एक माणूस सोपवला होता.

"मोटारीच्या खोलीत असन," तो उभा राहत म्हणाला. "खालच्या बागेतल्या. साहेब, चाला. बसू नका, चाला लवकर."

आम्ही निघालो. मी, ड्रायव्हर, दोन शिपाई, आणि ती बाई. तिला मी थांबा म्हणालो होतो, पण ती आधीच गाडीत बसली होती. एकशे आठला फोन लावला, तर गाडी मोहगावच्या पुढे गेलेली, अर्धा तास लागेल म्हणाले. आणि चौकात आमचीच लोखंडी अडथळ्यांची रांग अजून तशीच उभी. पाहुणे केव्हाच गेले होते, पण हटवायचा हुकूम आला नव्हता म्हणून शिपाई ती राखत बसला होता. मी गाडीतून उतरून त्याच्यावर असा ओरडलो की दुकानदार बाहेर आले. त्याचा काय दोष होता? सकाळी तो हुकूम मीच दिला होता.

खालच्या बागेत आंब्याखाली ट्रॉली उभी होती. स्वच्छ धुतलेली. डिसेंबरात ट्रॉली कोण धुतो? चाकाखालची माती अजून ओली होती. एका बाजूचा पत्रा आत दबला होता आणि दांड्याच्या टोकाला पिकअपच्या पट्टीचा तुकडा अडकून राहिला होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मोटारीची खोली म्हणजे विहिरीच्या काठावरची विटांची लहानशी खोली. आत खाट, खाटेवर म्हातारा. उजव्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, त्यावर हळदीचा लेप. हाड बसवणारा येऊन गेला होता. बागेचा राखणदार उशाशी बसून पदराएवढ्या फडक्यानं त्याला वारा घालत होता.

"झाडावरून पडले साहेब," मला पाहताच तो उठून म्हणाला. "शिडी सरकली."

शिकवलेलं वाक्य होतं. मी खाटेकडे पाहिलं. उशाजवळ, म्हाताऱ्याच्या हाताला लागून, वीतभर लांबीची लोखंडी पिन ठेवलेली होती. ग्रीस लागलेली आणि मधोमध किंचित वाकलेली.

"ही इथं कशी?"

"काकाजवळच राह्यते ना पिन," राखणदार सहज बोलून गेला. "ट्रॉली आणून लावली का काकाजवळ देतो आमी."

बोलला आणि मग त्याला कळलं. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणून ट्रॉली उभी केली, कॅरेट वेचले, ट्रॉली धुतली, आणि एवढं सगळं लपवल्यावर चाळीस वर्षांच्या सवयीनं पिन काढून जिथली तिथे ठेवली. म्हातारा घरी नव्हता, खाटेवर होता, म्हणून खाटेवर.

म्हातारा शांत होता. ही गोष्ट मला आवडली नाही. मोडलेल्या हाडाचा माणूस ओरडतो, शिव्या देतो. गप्प पडलेल्या जखमीची मला जास्त भीती वाटते. हात थंडगार, कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि पोट कडक झालेलं. तो पुन्हा पुन्हा पाणी मागत होता आणि राखणदार बिचारा पाजत होता. आत रक्त जात होतं, सकाळपासून.

बाई खाली बसली. तिनं डबा बाजूला ठेवला आणि नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. "म्या सांगतलं होतं पोलिसाईले, पिन नाही आली म्हणून," ती त्याला म्हणाली. त्यानं डोळे उघडून पिनीकडे बोट केलं. तिनं ती उचलून पदरात धरली. पुढे पंचासमक्ष मी ती जप्त केली तेव्हाच तिनं सोडली.

ड्रायव्हरनं आणि शिपायांनी त्याला चादरीत उचलून आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर घेतलं. ड्रायव्हरच्या मांडीवर त्याचं डोकं. वाटेत म्हातारा हळूहळू बोलू लागला.

"तुले लागलं का रे?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर इतका वेळ धीर धरून होता, तो आता हुंदके देऊन रडू लागला.

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि नागपूर म्हणाले. पण त्याआधी मृत्यूपूर्व जबानी घेणं भाग होतं. नायब तहसीलदार बंदोबस्तामुळे गावातच होते. त्या बंदोबस्ताचा तेवढा एकच उपयोग झाला. ते दहा मिनिटांत आले. मी नियमाप्रमाणे खोलीबाहेर थांबलो. दार उघडंच होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ट्रॉली म्या भरली, साहेब," म्हातारा म्हणाला. "समोरून दाबून भरली. ट्रॅक्टरले तशीच लागते. मांगून भारी झाली का उलाळ होते, चढावर ट्रॅक्टरचे मांगचे चाकं उचलते. चाळीस वर्ष अशीच भरली, एक संत्रं नाही सांडलं. पिकपले कशी लागते, ते मले नाही मालूम होतं. कोणाले इचारलंही नाही. पण भरली म्या. म्याच समोर चार कॅरेट जास्त ठेवायले लावले. पोराचं काही चुकलं नाही. माहं नाव लिवा."

नागपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तिथल्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो. ते म्हणाले, प्लीहा फाटली होती, दुपारी बारापर्यंत आणलं असतं तर बहुतेक वाचला असता. त्यांना बाकड्याचं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहजच बारा म्हटलं.

मालकाला मी त्याच संध्याकाळी ठाण्यात बसवलं होतं. राक्षस समोर असता तर मला बरं वाटलं असतं. जाकीट काढून बसलेला, घामाघूम झालेला एक घाबरलेला माणूस होता. "पायच मोडला असं वाटलं, साहेब. आमचा हाड बसवणारा चांगला हाये. पाहुणे गेले का नेतच होतो नागपूरले," तो म्हणाला. आणि मग, "गाडी ओढून राहिली होती ना साहेब. चार खेपा झाल्या. काही नाही झालं."

वाहनांची तपासणी करणारे निरीक्षक आले तेव्हा त्यांनी मला गाडीच्या दारातली कंपनीची पट्टी दाखवली. पिकअपनं पाठीवर वाहायचं वजन त्यावर लिहिलेलं होतं. मागे काही ओढायची तर परवानगीच नव्हती. भरलेली ट्रॉली त्या वजनाच्या कितीतरी पट होती आणि तिला स्वतःचे ब्रेक नव्हते. "ओढायला इंजिन लागतं," ते म्हणाले, "सपाटीवर ते कुरकुर करत ओढतंही. प्रश्न येतो थांबवायचा." शिवाय ट्रॅक्टरचा जीव मागच्या चाकांत असतो. ट्रॉली पुढून दाबून भरली की ती मागची चाकं आणखी पकडतात. पिकअपच्या शेपटीवर तेच ओझं टाकलं की तिचं तोंड उचलतं, आणि वळायचं नि थांबायचं मुख्य काम पुढच्या चाकांकडेच असतं. म्हाताऱ्याचं कसब अस्सल होतं. ते त्या वाहनाचं नव्हतं, आणि हे सांगायला मालकानं त्या गाडीच्या दारातली पट्टी कधी वाचली नव्हती.

चालान, म्हणजे दोषारोपपत्र, मी मालकावर आणि ड्रायव्हरवर दोघांवर सादर केलं. जखमीला लपवल्याची कलमं मालकावर वेगळी लावली. ड्रायव्हरचं नाव घालावंसं वाटत नव्हतं, पण गाडी त्यानं चालवली होती, आणि पंचनाम्यात त्यानं खोटं सांगितलं होतं. तो स्वतःही नाही म्हणाला नाही.

एक गोष्ट आणखी केली. रोजनामच्यात बाई दहा वाजता ठाण्यात आल्याची नोंदच नव्हती. मुंशी म्हणाला, सर, दीड वाजताची टाकतो, आपण लगेच निघालो असं दिसेल. त्याचा हेतू मला वाचवायचाच होता. मी त्याला दहाची नोंद उशिरा केल्याच्या शेऱ्यासह करायला लावली आणि खाली स्वतःच्या सहीनं लिहिलं की सकाळी आठ वाजता फाटलेली पट्टी मी पाहिली होती. निवृत्तीच्या तोंडावर कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात मी एकच ओळ लिहिली, की नोंद खरी आहे.

त्यानंतर जितके दिवस नोकरी होती, तितके दिवस मी बाकड्यावर कुणाला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू दिलं नाही. मुंशी वैतागायचा. वैतागू दे. लोक ठाण्यात येऊन सांगतात ते नेहमी आपल्या रकान्यात बसणारं नसतं. ती बाई पिनीबद्दल सांगत होती आणि आमच्याकडे पिनीचा रकाना नव्हता. मोठा शोध लावल्याच्या थाटात आम्ही जे दुपारी तीनला काढलं, ते ती सकाळी दहाला डब्यासकट घेऊन आली होती. मला या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, आणि ते शिकायला नको तेवढी किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

न्यायालयात मालकाच्या वकिलानं मला विचारलं, "मयतानं चूक स्वतःचीच असल्याचं सांगितलं होतं, हे खरं आहे का?" खरं होतं. मी हो म्हणालो. एका प्रामाणिक माणसाचे शेवटचे शब्द आता कुणाच्या बचावासाठी वाचले जात आहेत, हे ऐकताना माझा जीव जळत होता. निकाल अजून लागायचा आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. म्हातारा गेल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती ठाण्यात आली. त्याच बाकड्यावर बसली. मुंशी धावत आत आला, "सर, वो अम्मा." मी बाहेर गेलो आणि तिच्याशेजारी बसलो.

"साहेब, ते पिन मालकाची हाये," ती म्हणाली. "आमची नाही. वापस करा लागते."

"मावशी, ती जप्त आहे. केस संपेपर्यंत मालखान्यात राहील."

तिनं विचार केला. "मंग तसं लिवून द्या. उद्या कोणी म्हणन, बुढा पिन घेऊन गेला."

मी आत जाऊन ठाण्याचा कोरा कागद घेतला. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी एक माणूस दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या घरी सांभाळत आला होता, आणि एकदाही कुणी त्याला त्याबद्दल काही लिहून दिलं नव्हतं. मी मराठीत लिहिलं, तिला वाचून घेता यावं म्हणून. ट्रॉलीची लोखंडी पिन एक नग, अमुक यांच्याकडून पोलिसांना मिळाली, त्यांच्याकडे आता काही बाकी नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

तिनं कागद दोनदा वाचला. घडी घालून पदराच्या गाठीत बांधला.

"कुठं ठेवाल?" मी विचारलं.

"कोनाड्यात," ती म्हणाली. "पिनीची जागा खालीच हाये."